शिकार, शिकारी आणि समीकरणे

एखाद्या प्राण्याची संख्या का वाढते, का घटते आणि कुठे जाऊन स्थिरावते, याचा अभ्यास म्हणजे जीवसंख्येचा अभ्यास. परिस्थितिविज्ञानाची ही शाखा निरीक्षणावर उभी आहे, पण नुसत्या निरीक्षणावर तिचे भागत नाही. जंगलातला एक प्रयोग पुरा व्हायला दहा-दहा वर्षे लागतात. समुद्र रिकामा करून पुन्हा भरून पाहता येत नाही. एखादी जात नामशेष झाली, तर चूक सुधारायला वावच उरत नाही. म्हणून अभ्यासक कागदावर एक छोटे, सोपे जग उभे करतात. जन्म, मृत्यू, अन्न, शिकार असे मोजके घटक घेऊन त्यांचे परस्परांशी असलेले नाते समीकरणात मांडतात आणि त्यातून काय निघते ते पाहतात. याला गणिती प्रारूप किंवा सरळ मॉडेल म्हणतात. मॉडेल भविष्य सांगत नाही. जे गृहीत धरले आहे ते खरे असेल तर काय घडले पाहिजे, एवढेच ते सांगते. मात्र ते जे सांगते ते पुष्कळदा साध्या अंदाजाच्या अगदी उलट निघते, आणि त्याची खरी किंमत तिथे कळते.

सर्वांत साधे मॉडेल चक्रवाढ व्याजाचे. जितके प्राणी जास्त, तितकी पिल्ले जास्त. म्हणून संख्या दुप्पट, चौपट, आठपट अशी फुगत जाते. थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये माणसाच्या लोकसंख्येबद्दल हीच भीती मांडली होती. पण निसर्गात अशी वाढ फार काळ टिकत नाही, कारण अन्न आणि जागा दोन्ही अपुरी पडू लागतात. बेल्जियमचे गणिती पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या अडथळ्याला समीकरणात जागा दिली. त्यांच्या मॉडेलमध्ये संख्या आधी झपाट्याने वाढते, मग वाढ मंदावते आणि शेवटी एका मर्यादेपाशी थांबते. या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात.

हे एका तळ्यावर पाहता येईल. तळ्यात जास्तीत जास्त १०,००० मासे राहू शकतात आणि जागा मुबलक असताना ते वर्षाला ४० टक्क्यांनी वाढतात असे धरू. तळे अर्धे भरले की वाढीचा दर अर्ध्यावर, म्हणजे २० टक्क्यांवर येतो. तेव्हा ५,००० मासे असतील तर वर्षाला १,००० नवे मासे मिळतात. ९,००० असतील तर दर अवघा ४ टक्के, म्हणून वाढ फक्त ३६०. आणि २,००० असतील तर दर ३२ टक्के असूनही वाढ ६४०च. सर्वाधिक वाढ मिळते ती तळे काठोकाठ भरलेले असताना नव्हे, तर निम्मे भरलेले असताना.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मत्स्यव्यवसायाच्या नियोजनाने हा निष्कर्ष उचलून धरला. साठा धारणक्षमतेच्या निम्म्यावर आणायचा आणि दरवर्षीची वाढ तेवढी काढून घ्यायची, म्हणजे मुद्दल शाबूत आणि व्याज हातात, असा तो हिशेब. पण याच गणितात एक सापळा आहे. वरच्या तळ्यातून दरवर्षी बरोबर १,००० मासे काढायचे ठरले आणि एखाद्या वाईट वर्षी साठा ४,५०० वर आला, तर त्या वर्षीची वाढ ९९० होते. काढायचे मात्र १,०००. तूट फक्त दहा माशांची, कुणाच्या लक्षातही न येणारी. पुढच्या वर्षी साठा आणखी थोडा कमी, वाढ आणखी थोडी कमी, तूट थोडी जास्त. साठा २,००० वर येईपर्यंत दरवर्षीची तूट ३६० वर गेलेली असते, आणि तिथून तळ गाठायला वेळ लागत नाही.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापलीकडे कॉड माशाचे जे झाले ते याहून गुंतागुंतीचे होते, पण उतार हाच होता. १९६८ मध्ये तिथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. पुढे साठा घटत गेला तरी त्याचा अंदाज बराचसा ट्रॉलरना मिळणाऱ्या माशांवरून बांधला जात होता. उरलेला कॉड दाट थव्यांत गोळा होत होता आणि आधुनिक यंत्रांना तो नेमका सापडत होता, त्यामुळे जाळी भरलेली दिसत राहिली. २ जुलै १९९२ रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. बंदी उठायला २०२४ साल उजाडले. इथे गणिताची बेरीज-वजाबाकी बरोबर होती. त्यात घातलेला आकडा चुकीचा होता, आणि त्याचा भुर्दंड किनाऱ्यावरच्या घरांना पडला.

एका जातीकडून दोन जातींकडे गेले की गणितात जीव येतो. पहिल्या महायुद्धानंतर इटलीतले प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळीबाजारांच्या नोंदी तपासत होते. फ्यूमे बंदरात (आजचे क्रोएशियातले रियेका) आलेल्या मासळीत शार्क, पाकट अशा शिकारी माशांचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होते. १९१८ मध्ये ते ३६ टक्क्यांवर पोचले आणि १९२३ पर्यंत पुन्हा ११ टक्क्यांच्या आसपास उतरले. युद्धाच्या काळात समुद्रात जाणे धोक्याचे असल्याने मासेमारी थंडावली होती. मासेमारी कमी झाल्यावर सगळेच मासे वाढायला हवेत. मग शिकारी माशांचाच वाटा एवढा का वाढावा? दांकोना यांनी हा प्रश्न आपले भावी सासरे व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरा हे इटलीतले नामवंत गणिती. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यांनी १९२६ मध्ये मांडलेले मॉडेल अवघ्या दोन समीकरणांचे आहे. भक्ष्य असलेले लहान मासे आपल्या गतीने वाढतात आणि शिकाऱ्याशी गाठ पडली की घटतात. शिकारी मासे अन्न नसेल तर मरत जातात आणि भक्ष्याशी गाठ पडली की वाढतात. गाठी किती पडणार, हे दोघांच्या संख्येच्या गुणाकारावर ठरते. एवढ्यावरून दोन्ही संख्या लाटांसारख्या वर-खाली होऊ लागतात. भक्ष्य वाढले की मागोमाग शिकारी वाढतात, शिकारी वाढले की भक्ष्य घटते, मग उपासमारीने शिकारी घटतात आणि भक्ष्य पुन्हा डोके वर काढते. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात हीच समीकरणे स्वतंत्रपणे दिली होती, म्हणून आज ती दोघांच्या नावाने ओळखली जातात.

बाजारातल्या आकड्यांचे कोडे मात्र लाटांनी नव्हे, लाटांच्या सरासरीने सुटले. या समीकरणांत भक्ष्याची सरासरी संख्या भक्ष्याच्या जननदरावर अवलंबून नसते. ती शिकाऱ्याच्या मृत्युदरावर ठरते. शिकाऱ्याची सरासरी संख्या ठरते ती भक्ष्याच्या वाढीच्या दरावर. पहिल्यांदा वाचताना हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. शिकारी टिकून राहायचे तर त्यांचे मृत्यू भरून निघतील इतके भक्ष्य समुद्रात हवेच, आणि त्याहून जास्त झाले तर शिकारीच वाढून ते खाली आणतात. आता जाळे टाकले की दोन्ही मासे मरतात. शिकाऱ्याचा मृत्युदर वाढतो, म्हणून भक्ष्याची सरासरी वाढते. भक्ष्याच्या वाढीचा दर घटतो, म्हणून शिकाऱ्याची सरासरी घटते. मासेमारी थांबली की हेच उलट दिशेने होते. युद्धाची वर्षे शार्क आणि पाकटांना लाभली, ती यामुळे.

हा निष्कर्ष समुद्रापुरता राहिला नाही. किडी आणि त्यांना खाणारे कीटक या दोघांनाही सारखेच मारणारे औषध शेतात फवारले, तर काही काळाने किडीच वाढण्याचा धोका असतो. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांत हे प्रत्यक्ष घडले. तिथल्या पांढऱ्या खवलेकिडीचा बंदोबस्त १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने केला होता. पुढे डीडीटीची फवारणी झाली, ढालकिडे मेले आणि खवलेकीड पुन्हा उसळली. महाराष्ट्रात कृषी विस्ताराचे कार्यकर्ते कापूस-तुरीच्या शेतात मित्रकिडी जपायला सांगतात, त्या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

कागदावरच्या लाटा प्रत्यक्षात दिसतात का, हे मॉस्कोत गेऑर्गी गाउझे यांनी काचेच्या नळ्यांत तपासले. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम त्यांनी एकत्र सोडले. लाटा आल्याच नाहीत. डिडिनियमने सगळे पॅरामिशियम फस्त केले आणि मग स्वतः उपाशी मेला. तळाशी गाळ घालून लपायला जागा दिली, तेव्हा डिडिनियम आधी संपला आणि लपलेले पॅरामिशियम वाढत राहिले. बाहेरून थोडे-थोडे जीव आणून टाकत राहिल्यावरच दोघे टिकले. कॅनडातला ससा आणि लिंक्स हे रानमांजर यांची दहा वर्षांची चढ-उतार जुन्या कातडी व्यापाराच्या वह्यांतून दिसते आणि पुस्तकांत ती नेहमी या समीकरणांशेजारी छापली जाते. पण युकॉनमध्ये १९८६ पासून दहा वर्षे चाललेल्या प्रयोगात वेगळे चित्र दिसले. शिकारी प्राण्यांना कुंपणाबाहेर ठेवले तेव्हा ससे सुमारे दुप्पट झाले, जादा अन्न घातले तेव्हा तिप्पट, आणि दोन्ही केले तेव्हा अकरापट. म्हणजे ही लाट दोघांची नाही, तर वनस्पती, ससा आणि शिकारी अशा तिघांची आहे. मॉडेल इथे अपुरे ठरले, पण काय तपासायचे हे त्यानेच दाखवले होते.

रोगजंतू आणि माणूस यांचे नातेही शिकार-शिकारीसारखेच मांडता येते, आणि या मांडणीचा एक धागा थेट मुंबईत येतो. विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीच्या रोगांचे जे मॉडेल प्रसिद्ध केले, ते त्यांनी पडताळले मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंवर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले आठवड्यागणिक आकडे त्यांनी घेतले होते. करमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. मॅकेंड्रिक हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत बरीच वर्षे होते. त्यांच्या मॉडेलमध्ये लोकसंख्येचे तीन गट आहेत: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते आणि त्यातून बाहेर पडलेले. त्यांनी दाखवून दिले, की साथ ओसरायला सगळी माणसे आजारी पडावी लागत नाहीत. रोग होऊ शकणाऱ्यांची संख्या ठरावीक पातळीखाली गेली की एका रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण होतो आणि साथ आपोआप उतरते. करोनाच्या काळात घरोघरी बोलल्या गेलेल्या अनेक संज्ञांचे मूळ इथे आहे.

मुंबईच्या आकड्यांवर त्यांची घंटेच्या आकाराची रेषा सुरेख बसली. तरीही ती रेषा म्हणजे पुरावा नव्हे. माणसातला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचा पडसाद असतो, पिसवांमार्फत येतो आणि ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. गृहीतके पूर्णपणे लागू होत नाहीत आणि हा हिशेब ढोबळ आहे, हे लेखकांनी त्याच निबंधात नोंदवले होते. आकडे जुळले म्हणून कारणही सापडले, असे होत नाही. या विषयात ही गोष्ट वारंवार स्वतःला बजावावी लागते.

व्हेरहुल्स्ट यांच्या साध्या समीकरणातही एक धक्का दडलेला होता, तो १९७० च्या दशकात बाहेर आला. काही कीटकांची एक पिढी हंगामाबरोबर संपते आणि पुढच्या हंगामात दुसरी येते. अशा टप्प्याटप्प्याच्या वाढीवर ऑस्ट्रेलियात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. नियम असा: जागा हजारांची आहे, पुढची पिढी काढायला आताच्या संख्येला उरलेल्या जागेने गुणायचे, हजाराने भागायचे आणि आलेल्या उत्तराला वाढीच्या गुणकाने गुणायचे. गुणक २.५ असेल तर २०० कीटकांचे ४००, मग ६००, आणि पुढे कायम ६००. गुणक ३.२ केला तर २०० चे ५१२, मग ८००, मग ५१३, मग पुन्हा ८००. एक वर्ष बरे, एक वर्ष वाईट. गुणक ४ केला की २०० वरून सुरू केलेली संख्या ६४०, ९२२, २८९, ८२२, ५८५, ९७१ असे हेलकावे खात सातव्या पिढीत ११३ वर येते. आता सुरुवात २०० ऐवजी २०१ पासून करू. पहिल्या चार पिढ्या जवळजवळ तशाच जातात, पण सातव्या पिढीत उत्तर ११३ नव्हे, ३३ येते. नियम पक्का आहे, त्यात दैवाला कुठेही जागा नाही, तरी एका कीटकाच्या फरकाने पुढचे सगळे बदलते. म्हणून एखाद्या किडीची संख्या वेडीवाकडी उसळली की त्यामागे हवामानच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

मॉडेलला लागणारे आकडेही बहुतेकदा मॉडेलमधूनच येतात. जंगलातले वाघ कोणी एकेक करून मोजत नाही. कॅमेऱ्यांत पहिल्या फेरीत ४० वेगवेगळे वाघ टिपले गेले आणि दुसऱ्या फेरीत ५०, पैकी २० आधीचेच निघाले, तर पहिल्या फेरीत एकूण वाघांपैकी पाचात दोन टिपले गेले असावेत आणि एकूण वाघ शंभराच्या आसपास असावेत. डेन्मार्कमध्ये माशांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरलेली ही युक्ती के. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत वाघांच्या पट्ट्यांवर लावली. आज ती देशभराच्या गणनेचा कणा आहे. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज आला आणि त्यातले ४४४ महाराष्ट्रात होते.

जीवसंख्येच्या गणिताने आपल्या उपखंडात बजावलेली सर्वांत मोलाची कामगिरी गिधाडांच्या बाबतीतली आहे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहण्यांनी ही घट देशभर असल्याचे दाखवले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईच्या डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी दुसरी सोय शोधावी लागली. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण कळले: गुराढोरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिल्यावर लगेच मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते.

पण स्वाभाविक शंका अशी होती, की मरण्याच्या जरा आधी हे औषध दिले गेले, अशी जनावरे असून असून किती असणार? तेवढ्याने कोट्यवधी पक्षी कसे संपतील? ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच याचा हिशेब मांडला. तो सोपा करून असा दाखवता येईल. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. दर २०० मेलेल्या जनावरांपैकी एकच विषारी आहे असे धरू. एका जेवणातून वाचण्याची शक्यता ९९.५ टक्के, म्हणजे जवळपास निर्धोक. पण वर्षातल्या सगळ्या १२० जेवणांतून वाचण्याची शक्यता फक्त ५५ टक्के. हजार गिधाडांची पाच वर्षांत पन्नासच्या आसपास उरतात, दहा वर्षांत दोन-तीन. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे ही तूट भरून निघण्याची आशाच नसते. ग्रीन यांच्या नेमक्या हिशेबात, दिसलेल्या घटीला १३० ते ७६० जनावरांमागे एक विषारी जनावर पुरेसे होते. भारतात २००४-०५ मध्ये मेलेल्या जनावरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले, तेव्हा सुमारे १० टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅकचा अंश सापडला.

शंकेला उत्तर मिळाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध हाताशी होतेच. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार एका मात्रेइतका, ३ मिलिलिटरवर आणावा लागला. पिंजोर आणि इतर प्रजनन केंद्रांत वाढवलेली गिधाडे मोकळी सोडायची तर आसपासचा मुलूख निर्धोक आहे का, हा प्रश्न पुन्हा त्याच गणिताकडे नेतो. गावांबाहेर मेलेली जनावरे टाकतात तिथून शंभर नमुने घेतले आणि एकातही औषध सापडले नाही, तरी विषारी जनावरांचे प्रमाण एक टक्क्याखाली आहे असे भरवशाने म्हणता येत नाही. प्रमाण नेमके एक टक्का असतानाही शंभर नमुने कोरे निघण्याची शक्यता तीनात एकाहून जास्त असते. तेवढी खात्री हवी तर सुमारे ३०० नमुने कोरे निघावे लागतात. आणि गिधाडांना लागते ती सुरक्षितता, म्हणजे ७६० मध्ये एकापेक्षाही कमी, सिद्ध करायची तर २,२०० हून अधिक.